बगळा सोडून

आधीच सांगून ठेवतो, मी कुणाला माफ केलेलं नाही. ग्रामसेवकाला नाही, गावाला नाही, आणि स्वतःला तर मुळीच नाही. लोक म्हणतात, "सुकलाल, झालं गेलं तापीले मिळालं." कसं मिळालं? माझी विमल भिंतीला टेकून बसलीय ना घरात. तिच्या तोंडातली लाळ पुसायला तापी येते का?

आमचं गाव बुऱ्हाणपूरच्या बाजूला, जसोंडीच्या अलीकडं. गावाला लागून तळं, तळ्याच्या काठावर सात चिंचा, आणि तळ्याखाली आमचं शेत. थोडी ज्वारी, थोडी कपाशी आणि मोटेवर जगवलेली हजारभर केळी. घरात माझी माय रंभाबाई, बायको मथुरा आणि विमल. विमलच्या आधीची दोन पोरं रांगायच्या आधीच गेली. त्यामुळं विमल शिंकली तरी मथुराच्या हातातली भाकर तव्यावर करपायची.

ज्या साली आमचा प्रांत मोडला, त्या सालची गोष्ट. आमच्या राजधानीचं नागपूर मराठी मुलखात गेलं आणि आमच्या नशिबी भोपाळ आलं. ते झालं दिवाळीत. त्याआधी महिनाभर, ज्वारी हुरड्यात आलेली असताना, वामन नावाचा ग्रामसेवक चावडीवर आला. खंडव्याकडचा तरणा गडी, पायात बूट, बगलेत कागद. त्यानं सगळ्या गावाला गोळा केलं आणि कागद वाचला. पाखरं देशाचं धान्य खातात. म्हणून पाखरं मारायचा सप्ताह. राघू, साळुंकी, चिमणी, भोरडी, होला, सुगरण, तितर, झाडून सगळी. बगळा सोडून.

"बगळा काहून सोडायचा?" माझा शेजारी दगा म्हणाला.

"बगळा दाणा नही खाता, काका. कीडे खातो. शेतकऱ्याचा दोस्त आहे."

गावाला हे एकदम पटलं. आमच्याकडं बगळ्याला तसाही कुणी दगड मारत नाही. पांढराशुभ्र, नांगरामागं चालणारा, महादेवाचं पाखरू म्हणतात त्याला. सरकार आणि महादेव एकाच बाजूला आल्यावर बोलायचं कुणी?

वामननं पुढं सांगितलं, की घरामागं दोन विसा चोची आणायच्या. ज्या गावाच्या चोची जास्त, त्या गावाच्या विहिरीवर सरकार तेलाचं इंजिन बसवणार. इंजिन म्हटल्यावर माझे कान टवकारले. माझ्या बैलांच्या मानेची साल मोटेनं सोलून निघाली होती. पहाटेपासून मोट मागं-पुढं करून माझी पोटरी संध्याकाळी दगडासारखी व्हायची. इंजिन आलं तर मला आणि बैलांना माणसात आल्यासारखं वाटलं असतं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी माय उठली. "आमच्या घरात बांधाकडची ज्वारीची एक वळ पाखराची राहते," ती म्हणाली. "पाखरवळ म्हनतो आम्ही. कापत नई ती. सासऱ्याच्या सासऱ्यापासून हाय. तिचं काय करू?"

वामन हसला. "माजी, पंछी लोगों को रेशनकार्ड दिया है क्या आपने?"

सगळी चावडी हसली. मीही हसलो. माय पदर तोंडाला लावून खाली बसली. तिचं ते बसणं मला अजून दिसतं. तेव्हा मात्र मला फक्त इंजिन दिसत होतं.

आमच्या शेताची राखण मथुराची. ज्वारीत चार खांबांचा माळा, त्यावर ती उजाडायच्या आधी चढायची आणि दिवस बुडाल्यावर उतरायची. गोफणीला तिच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. खडा घालून ती गोफण डोक्यावर तीनदा फिरवायची आणि सोडायची, की असा आवाज व्हायचा, की अख्खा थवा कलाटणी घेऊन नदीकडं जायचा. पण खडा ती थव्याच्या शेजारून काढायची. पाखराला लागलेला खडा मी लग्नापासून पाहिला नव्हता.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी दुपारी मी भाकर घेऊन गेलो, तर माळ्याखाली एक पाखरू नाही.

"चोची कुठी हाय?"

"नई लागली एकही," ती म्हणाली.

"तुले नई लागली? का लावली नई?"

ती भाकर मोडत राहिली. मी तिथंच तोंड सोडलं. म्हणालो, "दगाच्या घरी सकाळपासून पंधरा झाल्या. तुह्या पायी इंजिन जाईन. मंग तू ओढशीन का मोट?" अजूनही बरंच बोललो. ते इथं सांगत नाही. भाकर अर्धी टाकून ती उठली, खडा घातला आणि बांधावरच्या होल्याला एका फेरीत पाडलं. मग शेजारच्याला. मग मला म्हणाली, "मोजा."

पुढचे दोन दिवस ती फक्त पाडत राहिली. तिचा खांदा सुजला. रात्री तिला लुगड्याचा पदर डोक्यावर घेता येईना. चोची कापायला सुरी बोथट पडायची, म्हणून मी मायचा अडकित्ता घेतला. मायनं त्या दिवसापासून सुपारी सोडली.

चौथ्या दिवशी वामननं पोती आणली. लाल औषध लावलेली बाजरी. चिंचांखाली, बांधावर, खळ्याकडेनं मुठी मुठी टाकायची. "हात साबनाने धोना," एवढं मात्र त्यानं तीनदा सांगितलं. दुसऱ्या सकाळी टोपली घेऊन गेलो तर टोपली पुरली नाही. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, ज्यांनी आयुष्यात माझा दाणा खाल्ला नव्हता तीही. काही मेलेली, काही नुसती पडून पंख थरथरवणारी. मेलेल्यांना कावळ्यांनी टोचलं आणि तिसऱ्या दिवशी कावळे पडले. पिंपळावरची घुबडं पडली. घारी पडल्या. विमलनं एक सुगरण ओच्यात लपवून घरी आणली होती. मी तिच्या ओच्यातून ती ओढून घेतली आणि चोच कापली. पोर किंचाळली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

चोचींच्या माळा करून आम्ही चावडीच्या आढ्याला बांधल्या. गावाचा पहिला नंबर आला. बुऱ्हाणपूरहून फोटोवाला आला, त्यानं मथुराला गोफण घेऊन मधोमध उभं केलं. ज्वारी त्या वर्षी चांगली उतरली, हेही खरं. पाखरवळ मी पहिल्यांदा कापली. कुणी खायलाच राहिलं नव्हतं, उभी ठेवून काय करणार?

आणि इंजिन? इंजिनाचा कागद नागपूरला गेला होता. दिवाळीत नागपूर आपलं राहिलं नाही. कागद नागपूरहून निघाला म्हणे, भोपाळला पोचला नाही म्हणे. वामन म्हणायचा, "प्रोसेस में है, काका." मी मोट ओढत राहिलो.

उन्हाळ्यात पहाट मुकी झाली. आधी आम्ही कोंबडा का पाळत नव्हतो? चिंचांवरच्या कालव्यानंच जाग यायची. आता जाग आली तर मायच्या खोकल्यानं. कपाशीवर अळी अशी पडली, की पानाची जाळी झाली. मी वेचून वेचून पिंपात टाकायचो. बोटं हिरवी व्हायची आणि कमरेत उसण भरायची.

पाऊस लागला आणि चिंचांवर बगळे बसले. दरसाल बसतात. पण दरसाल कावळे त्यांची अंडी फोडायचे, घारी पिल्लं न्यायच्या. यंदा ना कावळा ना घार. अंडं न् अंडं उबलं. आषाढात सातही चिंचा पांढऱ्या झाल्या. ढोरबगळे, तळ्यातले भुरे बगळे, रात्री बाहेर पडणारे ते लाल डोळ्यांचे, सगळी एकाच जातकुळीतली. खाली विष्ठेचा सडा आणि मासळीचा वास. गावाला कौतुक. "महादेव पावला," म्हणायचे. बायका चिंचेखाली हळद-कुंकू टाकायच्या.

तळं भरलं, केळीतले पाट भरले, आणि डास झाले. डास दरसाल होतात, त्यात नवल नाही. दिवस मावळायला मथुरा गोठ्यात लिंबाचा पाला जाळायची. बैल शेपटीनं पाठ फोडून घ्यायचे. आम्ही घोंगडं पांघरून घामानं भिजायचो.

श्रावण संपता संपता दगाचा गजानन तापला. आठ वर्षांचा पोरगा. पहिल्या दिवशी डोकं दुखतं म्हणाला, दुसऱ्या दिवशी आईला ओळखेना, तिसऱ्या दिवशी मान मागं ताणली आणि धनुष्यासारखा वाकून गेला. दगा खड्डा खणत होता आणि मी माती ओढत होतो. तो एवढंच म्हणाला, "सुका, चार दिसाआधी तो बगळे मोजत होता रे."

त्यानंतर सहाव्या दिवशी विमल म्हणाली, "माय, डोकं दुखते."

मथुरा चुलीपाशी होती. तिच्या हातातला उंडा परातीत पडला. ती उठली आणि बैल सोडायला गेली. ज्या बाईनं कधी गाडी जुंपली नाही, तिनं जू उचललं.

बुऱ्हाणपूरच्या वाटेवर चाक दोनदा चिखलात आसापर्यंत बसलं. मी खांदा लावला, मायनं मागून रेटलं. मथुरानं विमलला मांडीवर धरलं होतं. पोरीचं अंग इतकं तापलं होतं, की मथुराचं लुगडं पावसानं भिजूनही मांडीवर कोरडं. निम्म्या वाटेत विमलला झटका आला. दातखीळ बसली. मथुरानं दातात स्वतःचं बोट घातलं. त्या बोटाचं नख पुढं गळून पडलं आणि आजतागायत सरळ आलं नाही.

दवाखान्यात टेबलाशी बसलेल्या बाबूनं कागद पुढं सरकवला. "अर्ज लिखो."

मी माझ्या सातवीच्या अक्षरात मराठीत लिहिला. त्यानं बघितला आणि परत दिला. "अब हिंदी में चलता है. बाहर किसी से लिखवा लो."

माझ्यामागं माझी पोर ताठ होत होती आणि हा मला भाषा शिकवत होता. मी त्याची गचांडी धरायला हात उचललाही होता. मायनं तो हात धरला आणि बाबूच्या पाया पडली. सत्तर वर्षांची बाई, चिखलानं भरलेली, त्याच्या बुटावर डोकं ठेवून. तेव्हा त्यानं स्वतःच चार ओळी खरडल्या आणि खाट दिली.

डॉक्टर भला माणूस होता. पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं, डोक्याला गार पट्ट्या, नाकातून नळी. "मेंदूला ताप चढलाय. याला औषध नाही. निसर्ग करील ते," म्हणाला. एकोणीस दिवस आम्ही तिथं फरशीवर काढले. मथुरा खाटेच्या पायाला टेकून बसल्या बसल्या झोपायची. विसाव्या दिवशी ताप उतरला. विमलनं डोळे उघडले. मथुरानं विचारलं, "विमल, मी कोन?"

विमलनं तिच्याकडं बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. उजवा हात छातीशी मुडपून आला होता, तो सरळ होईना. मान धरवेना. डॉक्टर म्हणाला, "जीव वाचला, हे नशीब समजा. बाकी हळूहळू येईल तेवढं येईल." आम्ही तिला गाडीतून आणली तशी गाडीतून नेली.

गावात तोवर आणखी तीन पोरं गेली होती.

मग पुण्याहून माणसं आली. चौघं, एक मोटार, तंबू, आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जाळ्या. त्यांच्यात नंदकुमार म्हणून एक पोरसवदा होता, तो आमच्या ओट्यावर यायचा. घरोघर त्यांनी दंडातून रक्त काढलं. ढोरांचं काढलं. तळ्याकाठी जाळ्या लावून पाखरं धरली, त्यांच्या पंखाखालून रक्ताचा थेंब काढून बाटलीत घेतला आणि पाखरं सोडून दिली. डास काचेच्या नळीनं ओढून धरले. तीन दिवस झाले आणि नंदकुमार माझ्याकडं आला.

"सुकलालभाऊ, तुमच्याकडं दुसरी पाखरं कुठं मिळतील? जाळ्यात नुसते बगळेच येतायत."

"दुसरी म्हंजे?"

"चिमणी, साळुंकी, होला. काहीही."

मी त्याला चावडीवर नेलं. आढ्याला माळा तशाच होत्या. धुळीनं भुऱ्या झालेल्या. त्यानं एक माळ खाली घेतली, मांडीवर धरली आणि एक एक चोच बोटानं चाचपत नावं घेऊ लागला. अर्धी नावं मला माहीत नव्हती. ती पाखरं माझ्या शेतावर राहत होती आणि नावं पुण्याच्या पोराला माहीत होती. चार माळा झाल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"सरकारनं. बगळा सोडून."

त्यानं माळा हलकेच बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "मी खात्रीनं सांगत नाही, तपास अजून चालू आहे. पण आम्हाला बगळ्यांच्या रक्तात या तापाच्या खुणा सापडतायत. बगळ्याला स्वतःला काही होत नाही. त्याच्या अंगात हे विष वाढतं, डास त्याला चावला की डासात जातं, आणि तो डास पोराला चावला की पोरात."

"अन् साळुंकीच्या अंगात?"

"आमचा अंदाज असा, की बऱ्याच पाखरांच्या अंगात ते धड वाढत नाही. तिथंच जिरतं. डास काही बगळा निवडून चावत नाही हो. समोर येईल त्याला चावतो. समोर शंभर जातीची पाखरं असली तर त्याचे चावे शंभर ठिकाणी वाटले जातात. नुसता बगळाच असला तर..."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. मी शेतकरी आहे. मूठभर बी मुरमावर, दगडावर, वाटेवर सांडलं तर चार दाणे उगवतात. तेच सगळंच्या सगळं काळ्या मातीत पडलं तर रान माजतं. आम्ही गावातला सगळा मुरूम उचलून टाकला होता आणि फक्त काळी ठेवली होती. महादेवाची म्हणून.

मी घरी येऊन मथुराला सांगितलं. ती विमलला पेज भरवत होती. अर्धी आत जायची, अर्धी हनुवटीवरून खाली. सगळं ऐकून तिनं वाटी खाली ठेवली.

"म्हंजे माह्याच हातानं," ती म्हणाली.

"माह्या तोंडानं," मी म्हणालो. "तू तर शेजारून खडा काढत होतीस."

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. खुंटीवरची गोफण काढून तिनं चुलीत घातली. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही, एक विमल सोडून.

नंदकुमार जाताना म्हणाला होता, की मी वर लिहितो. पाखरं परत येऊ द्या, दाणापाणी ठेवा, बगळ्यांवर राग काढू नका, असं सगळं लिहितो. त्यानं लिहिलं असणार, कारण महिन्याभरात वामन नवा कागद घेऊन आमच्या ओट्यावर आला. ज्वारी पुन्हा हुरड्यात होती.

"काका, खुशखबर. इंजिन मंजूर. भोपाळचा सहीशिक्का झाला." मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "बस एक छोटा काम. यंदाचा सप्ताह नाल्यापलीकडच्या गावात आहे. तिथले लोक जरा अडेल आहेत. तुम्ही आणि भाभीजी या. बोला दोन शब्द, की आमचं पीक कसं वाचलं. भाभीजी गोफण दाखवतील. त्यानंतर इंजिन लगेच."

"कागदात काय हाय यंदा?" मी विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं. तीच यादी. राघू, साळुंकी, चिमणी, भोरडी, होला. शेवटी हातानं एक शब्द वाढवलेला. बगळा. पुण्याच्या पोरानं चार पानं लिहिली असतील, वरच्यांनी त्यातला एक शब्द उचलला आणि यादीला जोडला.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. "अरे, पाखरं मारली म्हनून हे झालं. अन् तू उरलेली मारायले सांगतो?"

"मी नाही सांगत, काका. ऊपर से आया है."

"वर कोन हाय? त्याले खाली पाठव एकदा."

"गुस्सा मत करो. इंजिन पाहिजे की नाही, एवढं सांगा."

आतून मथुरा बाहेर आली. विमल तिच्या कडेवर, मान खांद्यावर लोळलेली. "सगळी पाखरं मारल्यावर डास काय खाईन, भाऊ?" तिनं विचारलं. वामननं कागदाची घडी केली. मग तीच म्हणाली, "आम्ही येऊ. गाडी जुंपा."

मी तिच्याकडं बघत राहिलो. मला वाटलं, हिलाही इंजिन दिसलं. आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही बरं वाटलं. मोट ओढणारा माणूस असाच असतो.

नाल्यापलीकडचं गाव आमच्याहून लहान. चावडीसमोर लिंब, लिंबाखाली वामनचं टेबल, टेबलाशेजारी लाल बाजरीची तीन पोती. दीडशे माणूस जमलं होतं. लिंबावर चिमण्यांचा असा गलका, की वामनला ओरडून बोलावं लागत होतं. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता.

वामननं आमची ओळख करून दिली. पहिल्या नंबरचं गाव, पहिल्या नंबरची गोफण. "भाभीजी, या. दाखवा यांना."

मथुरा उठली. टेबलाकडं गेलीच नाही. पोत्यांकडं गेली, पहिल्या पोत्यावर विमलला बसवलं, स्वतः तिच्यामागं उभी राहिली आणि तिची मान दोन्ही हातांनी सरळ धरली.

"ही माही पोर," ती म्हणाली. "सात वर्षाची. गेल्या साली ह्याच दिवसात ही चिंचेखाली धावत होती. मी पाखरं पाडली. ह्या बाजरीनं बाकीची पडली. बगळे राह्यले. पावसाळ्यात चार पोरं गेली अन् ही अशी झाली. पुन्याचे लोक रक्त घेऊन गेले, त्यांनी सांगितलं का सगळ्या जातीची पाखरं होती तंवर ताप त्यांच्यात वाटला जात होता. तुमच्या लिंबावर हायेत ती अजून. ऐका."

लोकांनी ऐकलं. बायकांनी विमलकडं बघून पदर तोंडाला लावले. पण मागून एक जण म्हणाला, "म्हंजे बगळे मारले पाह्यजेत." दुसरा म्हणाला, "पयले बगळे, मंग बाकीचे." तिसरा म्हणाला, "अन् इंजिन आपल्याले भेटीन का त्याहिले?" मी उठून ओरडायला लागलो. काय ओरडलो ते आठवत नाही. दोघांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. पोराच्या दुःखानं फिरलाय बिचारा, असं कुणीतरी म्हणालं. दगड मारला असता तरी इतका लागला नसता.

"चला, भाभीजी," वामन म्हणाला. "पोती खोलायची आहेत. उठा."

"नई उठत."

"सरकारी माल है."

"मंग सरकारले सांग, उठव म्हनावं."

वामननं गावच्या दोन गड्यांना खूण केली. ते पुढं झाले आणि थबकले. विमलखालचं पोतं ओलं होत होतं. पोरीला आता ते कळत नाही. धार पोत्याच्या शिवणीतून आत मुरली, लाल पाणी होऊन खाली आली आणि मातीत पसरली. दवाखान्यात, वाटेत, पाहुण्यांत, असं झालं की मथुरा आधी इकडंतिकडं बघायची आणि घाईनं पदरानं झाकायची. आज तिनं झाकलं नाही.

ते गडी मागं सरले. त्या गावचा पटेल, मोतीलाल, वयस्क माणूस, गंध लावलेला, टेबलाशी बसला होता. तो उठून जवळ आला, पोत्याकडं बघितलं आणि नाकाला उपरणं लावलं.

"ग्रामसेवक," तो म्हणाला, "हे पोतं आता चालायचं नई. धान्य लक्ष्मी असते. मुतलेलं धान्य पाखरापुढं टाकलं तर पाप लागीन गावाले."

"पटेलसाहेब, जहर है उसमें," वामन म्हणाला. "ते मरणारच आहेत."

"ते वेगळं. हे आमच्याच्यानं हाती धरवायचं नई."

आणि सगळ्या गावानं माना हलवल्या. गंभीरपणे. एकही माणूस हसला नाही. विष चालत होतं. मेलेल्या पोरांचं सांगणं कुणाच्या काळजाला भिडत नव्हतं. पण पोरीचं मूत भिडलं. मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडात मारावंसं वाटलं आणि त्याचे पायही धरावेसे वाटले. दोन्ही खोटं नाही.

वामननं कपाळ पुसलं. "ठीक आहे. ते एक बाजूला काढा. बाकी दोन खोला."

मथुरानं विमलला उचललं, दुसऱ्या पोत्यावर नेऊन बसवलं आणि तिची मान धरून पुन्हा मागं उभी राहिली.

मी दंड सोडवून घेतला. गाडीपाशी गेलो, पाण्याचा तांब्या आणला आणि गुडघ्यावर बसून विमलच्या ओठाला लावला.

"पी माय," मी म्हणालो. "पोटभर पी."